प्रगतिपुस्तक ओळीओळीनं वाचा

सातवीच्या घटक चाचणीत मी एक गणित घातलं होतं. एक नळ टाकी ३ तासांत भरतो, दुसरा ६ तासांत. दोन्ही एकदम सोडले तर टाकी किती वेळात भरेल? चार गुणांचं गणित. बहुतेक मुलांनी एक तृतीयांश अधिक एक षष्ठांश असं मांडून, छेद समान करून उत्तर काढलं होतं. एका उत्तरपत्रिकेत मात्र एवढंच होतं : ‘२ तस’. काना राहिलेला, पायरी एकही नाही. मी चारपैकी एक गुण दिला आणि बाजूला लाल शाईनं लिहिलं, ‘कोणाचं बघितलंस?’

मधल्या सुट्टीत त्याला शिक्षकखोलीच्या दारात उभं केलं आणि विचारलं, हे दोन तास आले कुठून? त्यानं खाली बघतच सांगितलं, “बाई, दुसरा नळ बारका हाय. पहिल्याच्या निम्मा. म्हणजे पहिला नळ म्हणजे असले दोन बारके नळ. दोन आणि एक, तीन बारके नळ झाले. एकट्या बारक्याला सहा तास लागतात, मग तिघांना दोनच लागणार की.”

तोवर अठरा वर्षं मी ते गणित शिकवत होते. अपूर्णांक न वापरता कोणी ते असं सोडवलेलं मी पाहिलं नव्हतं. मी लाल शाईचं वाक्य खोडलं, चार गुण केले आणि त्याच्या मराठीच्या बाईंकडून त्याची निबंधाची वही मागून घेतली. अक्षरं ओळीवरून खाली घसरलेली. ‘ब’च्या जागी ‘व’, जोडाक्षरांचा अर्धा भाग गायब, एकच शब्द एका पानावर तीन तऱ्हांनी लिहिलेला. दोन्ही वह्या मी शेजारी शेजारी ठेवल्या. एकाच मुलाच्या आहेत असं कोणाला वाटलं नसतं.

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी ३१ वर्षं गणित शिकवलं. नोकरीतली शेवटची बारा वर्षं, आणि निवृत्तीनंतरचीही, अशा मुलांना समजून घेण्यात गेली. एका बाजूनं डोंगर आणि दुसऱ्या बाजूनं दरी असलेली ही मुलं. त्यांच्याविषयी आपल्याकडे एक वाक्य ठरलेलं आहे : “हुशार आहे, पण आळशी आहे.” हे वाक्य बहुतेक वेळा चुकीचं असतं आणि त्यानं मुलांचं नुकसान होतं. म्हणून हा लेख.

एकच आकडा, दोन मुलं

त्याच मुलाचे नववीचे वार्षिक गुण माझ्या वहीत आजही आहेत. मराठी ३८, हिंदी ४१, इंग्रजी ४०, गणित ९६, विज्ञान ८४, समाजशास्त्र ५५. बेरीज ३५४, टक्के ५९. त्याच वर्गात दुसऱ्या एका मुलाला सगळ्या विषयांत ५७ ते ६२ च्या दरम्यान गुण होते. त्याचेही टक्के ५९. पालकसभेत दोघांच्या आईवडिलांना आम्ही एकच वाक्य सांगितलं, “मध्यम आहे, अजून मेहनत हवी.” पहिल्याला खरं तर दोन वेगवेगळ्या गोष्टी हव्या होत्या : गणितात वरच्या इयत्तेचं खाद्य आणि लिहिण्यावाचण्यात तज्ज्ञांची मदत. सरासरीनं त्या दोन्ही गरजा झाकून टाकल्या.

हुशार मूल सगळ्यात हुशार असतं, हा समज आपल्यात फार खोल रुजला आहे. पहिला नंबर काढणारा मुलगा निबंधातही पहिला, वक्तृत्वातही पहिला, असं चित्र आपण मनात धरतो. अशी मुलं असतात. पण ज्यांची एखाद्या विषयातली झेप असामान्य आहे, त्यांच्यात असं सगळीकडून भरलेलं मूल कमीच सापडतं. एलन विनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९६ साली बुद्धिमान मुलांवर एक पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी सर्वगुणसंपन्न बुद्धिमान मुलाची कल्पना गैरसमजांच्या यादीतच घातली आहे.

यामागचं कारण पालकांना सांगताना मी वर्गातलंच उदाहरण देते. उंची आणि वजन यांचा संबंध असतो. उंच मुलं साधारणपणे जास्त वजनाची असतात. तरी वर्गातला सर्वांत उंच मुलगाच सर्वांत वजनदार निघेल असं नसतं. विषयांचंही तसंच आहे. गणित आणि भाषा एकमेकांना धरून चालतात, पण त्यांना जोडणारा दोर सैल आहे. एका विषयात मूल जितकं टोकाला, तितकी दुसऱ्या विषयात ते त्याच टोकाला असण्याची शक्यता कमी. तेव्हा गुणांमधली चढउतार हा आजार नव्हे. बुद्धीची घडणच तशी आहे.

विषय म्हणजे एक काम नव्हे

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. ज्याला आपण ‘गणित’ म्हणतो ते एक काम नसतं. उदाहरण वाचावं लागतं, आकडे डोक्यात धरून ठेवावे लागतात, संबंध ओळखावा लागतो, आकडेमोड करावी लागते आणि शेवटी ते सगळं ओळीनं, वेळेत, वाचता येईल असं लिहावं लागतं. यातलं एक काम अडलं तरी गुण जातात.

पाचवीतली एक मुलगी आठवते. शाळेच्या ग्रंथालयातली जाडजूड पुस्तकं ती दोन दिवसांत परत आणून द्यायची आणि त्यातल्या माणसांबद्दल मोठ्यांसारखं बोलायची. पण ‘एकोणसत्तर लिही’ म्हटलं की ७९ लिहायची. मला वाटे, लक्ष नाही. एकदा तिला मोठ्यानं बोलत लिहायला सांगितलं. ती म्हणाली, “एकोण… सत्तर. सत्तर म्हणजे सात. आणि एकोण म्हणजे नऊ.” तिनं ऐकलेलं बरोबर होतं. मराठीत आपण ‘सत्तराला एक कमी’ म्हणतो आणि लिहिताना सहा आधी लिहितो. तेवीस म्हणताना तीन आधी येतो, लिहिताना दोन. हा उलटा हिशोब बहुतेक मुलांच्या अंगवळणी पडतो, काहींच्या पडत नाही. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस तीन’ अशी जोडवाचनाची पद्धत आली तेव्हा राज्यभर वाद पेटला, थट्टाही झाली. मला ती मुलगी आठवली. तिची अडचण संख्येत नव्हती, संख्येच्या नावात होती. शंभर मण्यांची माळ हातात दिली की दहा-दहाच्या गटांनी एकोणसत्तरावा मणी ती क्षणात दाखवायची.

तिच्या आईनं मला सांगितलं होतं, “बाई, अवांतर वाचन बंद केलंय तिचं. गणित सुधारल्याशिवाय पुस्तक नाही.” मी मान डोलावली. सहा महिन्यांनी गणिताचे गुण तिथंच होते आणि वर्गात सर्वांत चांगला निबंध लिहिणारी मुलगी पाच ओळींत निबंध संपवू लागली होती.

मोजणाऱ्यांनी काय पाहिलं

बुद्धी एका आकड्यात पकडण्याचा हट्ट मोठमोठ्यांनी केला आहे. अमेरिकेत लुईस टर्मन यांनी १९२१ साली कॅलिफोर्नियातली बुद्धिमान मुलं शोधायला सुरुवात केली आणि बुद्ध्यंकाच्या आधारावर सुमारे दीड हजार मुलं निवडून त्यांचा आयुष्यभर मागोवा घेण्याचं ठरवलं. त्या चाचणीचा भर शब्दांवर होता. चाचणी देऊनही निवड न झालेल्यांत दोन मुलगे होते, विल्यम शॉक्ली आणि लुईस अल्वारेझ. पुढं शॉक्ली यांना १९५६ साली आणि अल्वारेझ यांना १९६८ साली पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालं.

पुढच्या पिढीनं वाट बदलली. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या ज्युलियन स्टॅनली यांनी १९७१ साली गणितात तल्लख असलेल्या मुलांचा अभ्यास सुरू केला. महाविद्यालयात जाणाऱ्यांसाठीची परीक्षा त्यांनी बारा-तेरा वर्षांच्या मुलांना दिली आणि गणिताचे गुण वेगळे मोजले. वर्गातल्या सोप्या परीक्षेत अशी सगळी मुलं ९५ च्या पुढंच दिसतात. अवघड परीक्षेत त्यांच्यातला फरक उघडा पडतो. या मुलांचा मागोवा पुढं कित्येक वर्षं घेतला गेला. तेराव्या वर्षी कोणाचा कल गणिताकडे आणि कोणाचा शब्दांकडे झुकतो, यावरून पुढं कोण विज्ञान-तंत्रज्ञानाकडे आणि कोण भाषा-मानव्यविद्यांकडे जाईल याचा अंदाज बांधता येतो, असं त्यातून दिसलं. म्हणजे गुण किती आहेत याच्याबरोबर ते कुठं आहेत हेही महत्त्वाचं.

आपल्याकडेही साधनं आहेत. नागपूरचे डॉ. मलिन यांनी १९६९ साली भारतीय मुलांसाठी बुद्धिमापन चाचणी तयार केली. तिच्यात सहा शाब्दिक आणि पाच कृतींच्या उपचाचण्या आहेत. पुण्यात आप्पा पेंडसे यांनी १९६२ साली ज्ञान प्रबोधिनी सुरू केली आणि १९६९ साली बुद्धिमान मुलांसाठी प्रशालाही काढली. शिष्यवृत्ती परीक्षेतसुद्धा भाषा, गणित आणि बुद्धिमत्ता यांचे गुण वेगवेगळे येतात. पण घरी आपण फक्त बेरीज विचारतो.

माझ्या त्या विद्यार्थ्याची चाचणी शेवटी आम्ही शहरात करून घेतली. तिथल्या समुपदेशक बाईंनी आम्हाला आलेख दाखवला. लाल-पांढरे ठोकळे जुळवून कागदावरची नक्षी करायची, त्यात तो वयाच्या कितीतरी पुढं. ऐकलेले आकडे उलट्या क्रमानं म्हणायचे आणि चिन्हं भराभर उतरवायची, यात वयाच्या मागं. त्या म्हणाल्या, “याच्या डोक्यातलं पाणी मोठ्या नळाचं आहे, पण बाहेर येतं बारक्या नळानं.” तो हसला. आपली अडचण आपल्याच गणिताच्या भाषेत कोणीतरी सांगतंय, हे त्याला पहिल्यांदा ऐकायला मिळालं होतं.

विचार आणि तो कागदावर उतरवणारा हात यांचा वेग वेगळा असणं बुद्धिमान मुलांत पुष्कळ आढळतं. ही मुलं स्वतःची अडचण झाकतातही. तल्लख मूल चित्रावरून, संदर्भावरून अंदाज बांधून वाचून दाखवतं, तिसरी-चौथीपर्यंत निभतं. पाचवीनंतर मजकूर वाढतो, अंदाज अपुरे पडतात आणि मग एकाएकी ‘घसरला’ असं आपण म्हणतो. तो घसरलेला नसतो. इतके दिवस तो दुप्पट श्रमानं तग धरून होता.

रामानुजन यांचं नापास होणं

पालक विचारतात, एका विषयात हुशार असून काय उपयोग, परीक्षा तर सगळ्यांची द्यावी लागते. त्यांना मी श्रीनिवास रामानुजन यांची गोष्ट सांगते, पण पूर्ण सांगते.

दहाव्या वर्षी, १८९७ साली, प्राथमिक परीक्षेत इंग्रजी, तमिळ, भूगोल, अंकगणित या सगळ्यांत मिळून ते जिल्ह्यात पहिले आले होते. म्हणजे इतर विषयांची कुवत नव्हती असं नाही. १९०३ च्या सुमारास कार नावाच्या इंग्रज शिक्षकाचं हजारो सिद्धान्तांचं संकलन त्यांच्या हाती पडलं आणि मन तिकडंच ओढलं गेलं. १९०४ साली कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजात शिष्यवृत्ती मिळाली. इंग्रजीत नापास झाले आणि ती गेली. मग मद्रासला पच्चयप्पा कॉलेजात एफ. ए.च्या, म्हणजे पदवीच्या आधीच्या, परीक्षेला दोनदा बसले, दोनदा नापास. १९१२ साली मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये महिना ३० रुपयांवर कारकून झाले.

१९१३ च्या जानेवारीत त्यांनी केंब्रिजचे गणितज्ञ हार्डी यांना पत्र लिहिलं, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. मला त्याच वर्षातली दुसरी गोष्ट मोठी वाटते. पदवी नसताना, एफ. ए. सुद्धा नसताना, मद्रास विद्यापीठानं त्यांना महिना ७५ रुपयांची संशोधन शिष्यवृत्ती दिली. नियमात न बसणाऱ्या माणसासाठी नियम वाकवणारी माणसं त्या वर्षी तिथं होती. १९१८ साली रामानुजन रॉयल सोसायटीचे फेलो झाले आणि १९२० साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी गेले. जी वर्षं इंग्रजीत आणि इतर विषयांत नापास होण्यात गेली, ती अशा छोट्या आयुष्यातली होती.

आपली मुलं रामानुजन नाहीत, हे खरं. पण एका विषयाच्या गुणांसाठी दुसऱ्या विषयाचं दार बंद करायचं, ही पद्धत आजही तीच आहे.

मदत कशी करावी

मी स्वतः केलेली एक चूक सांगते, म्हणजे ती कोणी करू नये. त्या मुलाच्या वडिलांचं पाण्याच्या मोटारी भरायचं दुकान होतं. तारेचे वेढे मोजायला, जळालेली कॉइल सोडवायला तो शाळा सुटली की तिथं बसायचा. आठवीत मीच वडिलांना म्हटलं, मराठी सुधारेपर्यंत याला दुकानात बसू देऊ नका. त्यांनी माझा शब्द मानला. सुटीच्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले तेव्हा तो ओसरीवर शुद्धलेखनाची वही घेऊन बसला होता, एक पान लिहायला त्याला दीड तास लागला होता, आणि समोरच्या दुकानाकडे तो बघतसुद्धा नव्हता. तो जिथं स्वतःला शहाणा समजायचा ती एकच जागा मी त्याच्याकडून काढून घेतली होती. दुसऱ्या दिवशी मी वडिलांना निरोप पाठवला : दुकानात बसू द्या.

म्हणून पहिली गोष्ट ही : मुलाची ताकद शिक्षा म्हणून काढून घेऊ नका. गणिताचं मूल असेल तर त्याला वरच्या वर्गाचं गणित द्या. ऑलिंपियाडची जुनी उदाहरणं द्या. मुंबईचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आणि पुण्याचं भास्कराचार्य प्रतिष्ठान ही त्या वाटेवरची जुनी ठिकाणं आहेत. वाचणारं मूल असेल तर पुस्तक बंद करू नका.

दुसरी गोष्ट, कमकुवत बाजूला रागवण्याऐवजी तिचं नेमकं कारण शोधा. मुलाला तेच उत्तर तोंडी विचारा. तोंडी बरोबर आणि लेखी चूक असेल तर अडचण ज्ञानात नाही, लेखनात आहे. तोंडीही चूक असेल तर शिकवायला हवं. ही परीक्षा घरी दहा मिनिटांत होते आणि तिला पैसे लागत नाहीत.

तिसरी गोष्ट, अंतर फार असेल आणि वर्षानुवर्षं तसंच राहत असेल तर तपासणी करून घ्या. वाचन, लेखन किंवा गणन यांतली अध्ययन अक्षमता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात समाविष्ट आहे. प्रमाणपत्र असलेल्या विद्यार्थ्यांना बोर्डाच्या परीक्षेत वाढीव वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. ‘तारे जमीन पर’ २००७ साली आला तेव्हा डिस्लेक्सिया हा शब्द घराघरांत पोचला. पण हुशार मुलालाही तो त्रास असू शकतो, हे अजून पुरतं पोचलेलं नाही. दोन्ही एकाच मुलात असतात तेव्हा हुशारी अडचणीला झाकते, अडचण हुशारीला झाकते आणि शिक्षकाच्या नजरेत एक साधारण मूल उरतं.

चौथी गोष्ट शिक्षक बंधुभगिनींसाठी. पायऱ्यांना गुण असावेत, मी त्याविरुद्ध नाही. विचार दुसऱ्याला कळेल असा मांडणं हाही गणिताचाच भाग आहे. पण पायरी दिसली नाही म्हणजे विचार नव्हता, असं धरू नका. महिन्यातून एका तासाला मी तोंडी गणितं घेऊ लागले. फळ्यासमोर उभं राहून, खडू हातात न घेता, कसं सोडवलं ते सांगायचं. पहिल्याच वर्षी तीन मुलं सापडली, ज्यांची नावं तोवर मी कधी पहिल्या पाचांत घेतली नव्हती.

माझ्या त्या विद्यार्थ्याला दहावीत वाढीव वेळ आणि लेखनिक मिळाला. तो पास झाला, पुढं तंत्रनिकेतनात गेला, आज यंत्रांच्या सुट्या भागांची रेखाटनं करतो. ऱ्हस्व-दीर्घ अजून चुकतं. संदेश बोलून टाइप करतो. त्यात त्याला कमीपणा वाटत नाही, आणि वाटायचं कारणही नाही.

पुस्तकवाल्या त्या मुलीचं मात्र मला पुढं काही कळलं नाही. सातवीनंतर ते कुटुंब दुसरीकडे गेलं. तिच्या आईसमोर मान डोलावली तेव्हा मी ‘नको’ म्हणायला हवं होतं.

येत्या उन्हाळ्यात तुमच्या घरी प्रगतिपुस्तक येईल. खालची बेरीज हातानं झाका. वरच्या ओळी एकेक करून वाचा. सर्वांत मोठा आकडा कुठं आहे ते आधी बघा आणि मुलाला विचारा, यात तुला काय आवडतं? सर्वांत लहान आकड्याची चौकशी त्यानंतर करा.